लातूरच्या गच्चीवर सेलरी: बी टाकल्यापासून दांडे तोडेपर्यंत

सेलरी ही काही आपल्या मातीतली भाजी नाही, हे आधीच सांगून टाकते. रानटी सेलरी वाढते ती युरोपात, भूमध्य समुद्राच्या आजूबाजूला, दलदलीत, पाणथळ जागेत. पाय सतत ओलाव्यात आणि डोक्यावर सौम्य ऊन, अशी तिची जन्माची सवय. आणि आम्ही राहतो लातूरला, जिथं 2016 च्या एप्रिलमधे मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्यामुळं मी गच्चीवर सेलरी लावणार म्हणल्यावर घरातल्या लोकांनी जे काही ऐकवलं ते इथं लिहित बसत नाही. पण आली बरं का. चांगली हातभर आली, आणि आमच्या ओळखीत ज्यांच्याकडं गच्ची आहे ते सगळे आता विचारायलेत की कसं केलं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढते.

हे खूळ डोक्यात शिरलं ते शेजवान चटणीमुळं. पोरगा चायनीजवेडा, गाडीवरचं रोज खाऊ देत नाही म्हणून मी घरी करते, पण त्याचं एकच पालुपद, "आई, गाडीवाल्याची चव येत नाही." शेवटी आमच्या चौकातल्या गाडीवाल्यालाच विचारलं तर म्हणाला, "ताई, सेलरी टाकता का? त्याच्याबिगर नाही लागत तसं." आता सेलरी आणायची कुठनं? गंजगोलाईतल्या भाजी बाजारात मेथी, शेपू, चुका, अंबाडी काय पाहिजे ते मिळतं पण सेलरी मला तरी कधी दिसली नाही. हे पुण्याला गेले की आणायचे, पण रात्रभर बॅगेत दाबून आलेली ती जुडी सकाळी बघायला नको, पार माना टाकलेल्या.

त्याच जुडीचा बुडखा मी एकदा वाटीत पाणी घालून खिडकीत ठेवला होता. युट्यूबवर सगळे तेच दाखवतात. मधून कोवळी पानं फुटतात, हे खरं. कुंडीत लावला तर जगतो, हे पण खरं. पण त्याला जे दांडे येतात ते पेन्सिलीपेक्षा बारीक असतात, कारण त्या झाडाचं अर्धं आयुष्य आधीच झालेलं असतं आणि त्याला आता फुलावर यायची घाई असते. पाला पाहिजे असेल तर हा उद्योग चांगला. दांडे पाहिजेत तर बी टाकण्यावाचून गत्यंतर नाही.

बी ऑनलाइन मागवलं, टॉल युटा नावाची जुनी जात आहे, दांड्याची. पाकीट उघडलं आणि मला वाटलं रिकामंच पाठवलं की काय, इतकं बारीक. एका ग्रॅममधे दोन-अडीच हजार बिया बसतात. वास मात्र जबरदस्त, ओवा आणि बडीशेप एकत्र चुरडल्यावर येईल तसला, आणि त्यात नवल नाही, कारण सेलरी, ओवा, बडीशेप, शेपू, कोथिंबीर, गाजर हे सगळं एकाच कुळातलं खटलं आहे. गंमत म्हणजे सेलरीचं बी भारतातनं परदेशात जातं, पंजाबात त्याची शेती होते मसाल्यासाठी. बी आपल्याकडचं आणि दांडा खायचा तिकडच्यांनी.

आता या बियाचे नखरे नीट ऐका, कारण बहुतेकांची गाडी इथंच अडकते. एक तर त्याला उगवायला उजेड लागतो. आपण मेथी-कोथिंबीर टाकतो तसं वरनं मातीचा थर दिला की संपलं, उगवतच नाही. नुसतं ओल्या कोकोपीटवर, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशावर, भुरभुरायचं आणि बोटानं हलकं दाबायचं, बास. दुसरं म्हणजे त्याला थंडावा पाहिजे, 15 ते 21 डिग्रीच्या मधे ते खूश असतं, 25 च्या वर गेलं की झोपूनच राहतं. आणि सप्टेंबरात लातूरला दुपारी तीसच्या पुढं असतं. थंडी पडायची वाट बघत बसावं म्हणलं तर रोप मोठं व्हायला दोन-अडीच महिने घेतं, मग थंडी संपेपर्यंत हातात काय येणार. म्हणजे बी गणपतीच्या आसपासच टाकायला पाहिजे आणि तेव्हा तर उकडतंय.

यावर उपाय आमच्या घरातच होता, माठ. आमच्या स्वयंपाकघराच्या मागच्या खोलीत तिवईवर मोठा माठ आहे, पाझरतो चांगला, त्याच्या खालची फरशी कायम गार. पूर्वेची खिडकी आहे, उजेड येतो पण ऊन नाही. बी रात्रभर भिजवलं, सकाळी फडक्यावर जरा सुकवून ट्रेमधे टाकलं आणि ट्रे तिवईच्या खाली सरकवला, वर पातळ प्लास्टिक. पाणी वरनं अजिबात घालायचं नाही, बिया वाहून एका कोपऱ्यात गोळा होतात आणि नंतर कोवळी रोपं बुडातनं सडून कोलमडतात. परातीत पाणी घेऊन त्यात ट्रे ठेवायचा, खालनं ओढून घेतो तो.

उगवायला दोन-तीन आठवडे लागतात. हे माहीत असूनसुद्धा मधे मन खातंच. सासूबाई रोज माठातनं पाणी घ्यायला आल्या की वाकून बघायच्या आणि "मेलंय गं ते, टाकून दे, त्यात पालक लाव" म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनीच हाक मारली, "अगं, हिरवं दिसायलंय की!" चष्मा लावून बघावं लागेल एवढं एवढं.

पुढचा महिना-दीड महिना काही सांगण्यासारखं नाही. रोपं हळूहळू वाढतात, लईच हळू. दाट झालेली कात्रीनं कापून टाकली, उपटली नाहीत, कारण उपटताना शेजारच्याचं मूळ हलतं. चार-पाच पानं आली आणि बोटभर उंची झाली की मोठ्या जागी न्यायची, आमच्याकडं ते दिवाळीच्या गडबडीत आलं. फराळाचं आवरून मी रोपं लावत बसलेली, काही रोपं दिवे लावायच्या आधीच्या उजेडात आणि उरलेली पाडव्याला.

लावली कशात, ते महत्त्वाचं. घराला रंग दिला होता तेव्हाच्या 20 लिटरच्या बादल्या पडून होत्या. सगळे सांगतात की कुंडीला तळाला भोक पाहिजे. मी सेलरीच्या बादलीला तळाला भोक पाडलंच नाही, बाजूला पाडलं, तळापासून चार बोटं वर. खाली विटांचे तुकडे भरले भोकापर्यंत, वर माती. म्हणजे भोकाच्या खाली थोडं पाणी कायम साचून राहतं आणि माती ते वर ओढत राहते, जास्तीचं तेवढं बाहेर. दलदलीतलं झाड आहे ना, मग दलदलीची सोय करून द्यायची. दुसऱ्या भाज्यांना हे चालणार नाही, मिरची-वांगं सडून जाईल, पण सेलरीची मुळं उथळ असतात, वरच्या वितीतच फिरतात, आणि वरची माती एकदा जरी खडखडीत वाळली तरी दांडे पोकळ आणि चिवट होतात. नंतर कितीही पाणी ओता, तो दांडा सुधारत नाही.

मातीचं म्हणाल तर आमच्या शेतातली काळी माती नुसती भरली की बादलीत दगड होतो आणि वाळली की कडेनं भेगा पडून पाणी सरळ खाली निघून जातं. म्हणून एक पाटी काळी माती, एक पाटी जुनं कुजलेलं शेणखत, एक पाटी कोकोपीट आणि दोन मुठी निंबोळी पेंड. एका बादलीत एकच रोप. मोठा वाफा असेल तर दोन रोपांत वीतभर अंतर ठेवायचं. वरनं सोयाबीनचं भुसकट पसरलं जाड, लातुरात त्याला काही तोटा नाही, शेतावरनं पोतंभर आणलं.

आता पाणी. नळाला रोज पाणी येत नाही हे लातूरकरांना मी काय सांगायचं. बोअरचं पाणी जड, कुंड्यांच्या कडेला पांढरे थर बसतात, आणि सेलरीला क्षार फार सोसत नाहीत. आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी झाडाला घालायचा सल्ला लई जण देतात, पण त्यात तर मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात, ते फरशी पुसायला ठेवते मी. सेलरीला मिळायचं ते डाळ-तांदूळ धुतलेलं, भाज्या धुतलेलं पाणी. सिंकखाली एक बादली ठेवली, सगळ्यांना दम दिला की साबणाचं एक थेंब त्यात गेलं नाही पाहिजे, आणि ती बादली रोज संध्याकाळी वर. चार जणांच्या घरात एवढं पाणी निघतं हे मला आधी कळलंच नव्हतं. नळाला पाणी आलं त्या दिवशी बादल्या वरपर्यंत भरून घ्यायच्या, भोकातनं वाहायला लागलं की थांबायचं.

एक बादली टाकीच्या पलीकडं कोपऱ्यात होती, तिला वारा जास्त लागायचा. तिच्यातलं झाड बाहेरनं एकदम टवटवीत, पण मधली पानं बाजूला करून बघितलं तर गाभ्यातली कोवळी टोकं काळी पडलेली, जळाल्यावाणी. मला वाटलं कीड असेल. ती कीड नसते, गाभ्याला कॅल्शियम पोचत नाही म्हणून होतं ते. आता आमची काळी माती चुनखडीची, तिच्यात कॅल्शियम रगड. पण ते झाडात चढतं पाण्याबरोबर, आणि पाणी कधी भरपूर कधी नाही असं झालं की मोठी पानं आपला वाटा ओढून घेतात आणि गाभा उपाशी राहतो. म्हणजे खत घालून उपयोग नाही, पाणी सारखं पाहिजे. ती बादली उचलून बाकीच्यांच्या मधे आणली, नंतरचे दांडे चांगले आले.

खायला मात्र हिला लई लागतं. पंधरा दिवसाला जीवामृत देत होते, शेण, गोमूत्र, गूळ, बेसन, आपलं नेहमीचंच, पातळ करून. शेजारच्या वहिनी गच्चीवर पापड वाळत घालायच्या, त्यांनी वासावरनं दोनदा तोंड वाकडं केलं, मग मी पापडांचा दिवस विचारून द्यायला लागले. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, आला थोडा डिसेंबरात, ढगाळ वातावरण झालं की येतोच. पाण्याचा फवारा जोरात मारला आणि नंतर लिटरला 5 मिली निंबोळी तेल, थोडा साबण. पानांवर नागअळीच्या पांढऱ्या वेड्यावाकड्या रेषा दिसल्या की ती पानं तोडून पिशवीत बांधून टाकली. बाकी त्रास नाही.

थंडीबद्दल एक गोष्ट. सेलरीला थंडी आवडते पण रोप लहान असताना आठ-दहा दिवस सलग 10 च्या खाली पारा राहिला तर तिला वाटतं हिवाळा होऊन गेला, आता फुलायचं. खरं तर हे दोन वर्षांचं पीक, पहिल्या वर्षी दांडे-पानं, दुसऱ्या वर्षी फूल-बी. माझी बहीण परभणीला असते, तिला मीच बी दिलं होतं, तिनं ते उशिरा टाकलं. परभणीची थंडी माहीतच आहे, मराठवाड्यात सगळ्यात खाली पारा तिथलाच असतो बऱ्याचदा. तिची रोपं अजून लहान असतानाच कडाका पडला आणि पुढं दांडे जाड व्हायच्या आधी मधून ताठ कोंब वर निघाला, त्याला छत्रीसारखी पांढरी फुलं. एकदा तो कोंब निघाला की दांडे कडू. तिनं फोनवर विचारलं, "कोंब खुडला तर होईल का नीट?" नाही होत. म्हणून बी लवकर टाकायचं आणि लहानपणीच्या थंड रात्री रोपं घरात किंवा निदान नेटखाली घ्यायची.

येळवशीपर्यंत, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येपर्यंत, माझी झाडं गुडघ्याला आली होती, तोडायजोगी नव्हती पण बाहेरची पानं भरपूर. आता येळवस म्हणजे आमच्याकडं सगळं लातूर शेतावर, घरात कुत्रं सुद्धा राहत नाही. भज्जी म्हणजे त्या दिवशीची मिसळ भाजी, तिला हंगामाच्या सगळ्या भाज्या लागतात, तुरीचे सोले, वाटाणा, हरभरा, पावटा, मेथी, कांद्याची पात, वरनं चिंच आणि बेसन. सासूबाईंनी जाता जाता गच्चीवर जाऊन सेलरीचा पाला मूठभर खुडून आणला आणि कुणाला न सांगता भज्जीत टाकला. शेतावर कडब्याच्या कोपीत पूजा झाली, आंबील झाली, जेवायला बसलो आणि चुलत सासरे म्हणाले, "यंदा भज्जीला वास येगळाच हाय, पण बरा हाय." सासूबाई माझ्याकडं बघून एक शब्द बोलल्या नाहीत, वाढत राहिल्या.

संक्रांत झाली की दांड्यांना कागद गुंडाळले. हे केलं नाही तरी चालतं, पण उन्हात वाढलेला दांडा गर्द हिरवा, उग्र आणि जरा कडवट असतो, उजेड तोडला की फिका आणि कोवळा होतो. झाड दोन्ही हातांनी हलकं गोळा करायचं, वर्तमानपत्राचे तीन-चार पदर भोवती, सुतळीनं सैल बांधायचं, वरची पानं मोकळी ठेवायची. दोन-तीन आठवडे तसंच. कागद ओला होऊन आत सडू नये म्हणून पाणी बुडाशीच घालायचं. चार झाडांना बांधलं आणि बाकीची उघडी ठेवली, आणि खरं सांगू का, चटणीसाठी मला उघड्यावरचीच आवडली. सॅलडला किंवा नुसतं खायला कागदातली.

तोडायचं सकाळी, ऊन चढायच्या आत, दांड्यात पाणी भरलेलं असतं तेव्हा. दांडा वीतभर झाला की सगळ्यात बाहेरचा पहिला. बुडाशी, अगदी मातीजवळ धरायचा आणि बाहेर-खाली असा पिळून ओढायचा. कटकन आवाज येतो, दांडा बुडातल्या पांढऱ्या रुंद भागासकट सुटतो आणि तुटल्या जागी लगेच पाण्याचे थेंब जमतात. वास तर बोटांना दुपारपर्यंत राहतो. मधनं कापू नका, उरलेलं खोड सडतं. गाभा ठेवला की आतनं नवीन दांडे येत राहतात, एका झाडाचे दोन-तीन दांडे आठवड्याला, असं फेब्रुवारीभर चाललं. रस हाताला लागलेला असताना उन्हात काम करू नका, या रसात असं काही असतं की त्यावर ऊन पडलं की काहींच्या कातडीवर लाल चट्टे येतात. तोडून झालं की हात धुवा आणि मग कपडे वाळत घाला.

पुण्याच्या जुडीएवढे जाड दांडे नाही आले, हे कबूल. करंगळीपेक्षा जाड, अंगठ्यापेक्षा बारीक. शिरा जरा जास्त, त्या टोकाला सुरी लावून खाली ओढल्या की लांबच लांब दोरे निघतात. पण चव दुप्पट. बाजारातल्या दोन दांड्यांचं काम माझा एक दांडा करतो. ठेवायची युक्ती म्हणजे ॲल्युमिनियम फॉइलमधे सैल गुंडाळून फ्रीजमधे, प्लास्टिकच्या पिशवीत नको. दोन आठवडे सहज कडक राहते.

महाशिवरात्रीनंतर ऊन बदलतं, तेव्हा बाकीची झाडं बुडातनं एकदम कापून घेतली. नणंदबाईंनी तेवढ्यात फोन केला, त्यांना सकाळी उपाशीपोटी सेलरीचा ज्यूस घ्यायचा होता, वजन कमी होतं म्हणे. सेलरीत 95 टक्के पाणी असतं, शंभर ग्रॅमला पंधरा-सोळा कॅलरी, त्यात गाळून चोथा टाकला तर खाण्यासारखं जे होतं तेच टाकलं. एक ग्लास ज्यूसला अख्खी जुडी लागते. एवढी माझी तांदळाच्या पाण्यावर वाढवलेली सेलरी मिक्सरला लावायला मी दिली नाही, चार दांडे दिले आणि सूप करा म्हणलं.

चटणी भरपूर झाली, दोन बाटल्या. कांदा-लसणाबरोबर सेलरी एकदम बारीक चिरून तेलात परतायची, मग मिरचीची पेस्ट, शेवटी व्हिनेगर. पोरानं बोट चाटलं आणि काही बोलला नाही, म्हणजे पास. पाला उरला होता ढीगभर, तो सावलीत पसरला, मार्चमधल्या आपल्या हवेत दोन दिवसात कुरकुरीत होतो, मिठाबरोबर मिक्सरमधनं काढला. काकडीवर, उकडलेल्या अंड्यावर, ताकात, कशातही.

कापलेल्या बुडख्यांना परत फुटवा आलाय. ते दांडे आता पोकळ आणि कडू आहेत, ग्रीन नेटखाली टाकीच्या सावलीत ठेवले तरी पारा चाळिशीला टेकला की जातील. तोवर पाला निघतोय तो चौकातल्या गाडीवाल्याला देते. पहिल्यांदा नेला तेव्हा त्यानं हुंगून बघितला, "ताई, हे तर ओरिजिनल हाय की ओ, किती द्यायचे?" म्हणला. पैसे कशाचे घ्यायचे. पोरगा गेला की तो मंचाव सूपवर नूडल्स दोन मुठी टाकतो आता.